आधी सांभाळ, मग दत्तक

साताऱ्याजवळ संगम माहुलीला गेलेल्या वाचकांनी छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी पाहिली असेल. त्याने महाराजांना वाघाच्या तावडीतून वाचवले, असे सांगतात. कुत्र्याचे इमान आपल्या भागात कुणाला पटवून द्यावे लागत नाही. दवाखान्यात येणारी ज्येष्ठ मंडळी मला विचारतात तो प्रश्न इमानाचा नसतो, झेपण्याचा असतो. मुले पुण्या-मुंबईला, घर रिकामे. अशा वेळी रस्त्यावरून वाचवलेले, वर्षभराचे, वारा प्यायलेल्या वासरासारखे उधळणारे कुत्रे घरी आणावे का?

माझा सल्ला असा की, लगेच दत्तक घेऊ नये. सहा-आठ आठवडे केवळ सांभाळासाठी आणावे. नव्या घरात आलेले कुत्रे सुरुवातीला बिचकलेले असते. कोपऱ्यात बसते, कमी खाते, पुष्कळ झोपते, आणि आपण तोच त्याचा स्वभाव समजतो. भीती ओसरली की, बहुधा दोन-तीन आठवड्यांनी, खरे कुत्रे दिसू लागते. दत्तकाचा निर्णय त्या कुत्र्याकडे पाहून घ्यावा.

वैद्यकीय दृष्टीने मला चाव्याइतकीच काळजी पडण्याची वाटते. मांजर दिसताच कुत्रे झेप घेते आणि पट्टा हाताला गुंडाळलेला असेल, तर सत्तरीचा माणूस त्याच्यामागे ओढला जातो. ठिसूळ हाडांना एवढा झटका पुरतो. खुब्याचे हाड मोडले की पुढचे कित्येक महिने अंथरुणात जातात. म्हणून पट्टा मनगटाला कधीही गुंडाळू नका. गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरा. रात्री लघवीला उठताना ते पायात येऊ नये म्हणून त्याच्या गळ्यात छोटा घुंगरू बांधा आणि वाटेत मंद दिवा ठेवा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो. त्याची नखे वेळेवर कापून घ्या.

त्याची धावपळ तरुण हातांकडे सोपवावी. साताऱ्यात नातू किंवा शेजारचा मुलगा पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढावर घेऊन जाईल, सांगलीत कृष्णाकाठी. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्याआधीच परतावे. तापलेल्या डांबराने पंजे भाजतात. तुमच्या वाट्याला दुसरे काम आहे, आणि ते खुर्चीत बसून करता येते. भाकरीचे तुकडे जुन्या चादरीच्या घड्यांत लपवा आणि त्याला शोधू द्या. नाकाला काम मिळालेले कुत्रे चांगलेच थकते.

आता औषधांविषयी. ज्येष्ठांच्या घरात टेबलावर गोळ्यांचा डबा असतोच. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अशा आपल्या नेहमीच्या गोळ्या कुत्र्याला विषासमान ठरू शकतात. मधुमेहींच्या बिनसाखरेच्या च्युइंगममधील झायलिटॉलही घातक. आणि सांगली-तासगावच्या वाचकांनो, द्राक्षे व बेदाणे त्याला अजिबात देऊ नका. त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कांदा-लसूणही नको. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा मोह तुम्हीच आवरा, म्हणजे त्यालाही तो होणार नाही.

आणताना पशुवैद्याकडून तपासणी, जंताचे औषध व गोचीड-निर्मूलन करून घ्या. रेबीजची लस वयाच्या तीन महिन्यांनंतर, पुन्हा तीन-चार आठवड्यांनी आणि मग दरवर्षी द्यावी लागते. निर्बीजीकरण झाले आहे का, तेही विचारा. तरीही दात किंवा नख लागून जखम झालीच, तर ती साबण व वाहत्या पाण्याने पूर्ण 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायूतून दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस 0, 3, 7, 14 आणि 28 असे असतात. जखमेतून रक्त आले असल्यास लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून ‘घरचेच कुत्रे आहे’ हे कारण मी ऐकून घेत नाही.

शुश्रूषा करणाऱ्या मुला-सुनांसाठी एक प्रश्न राहतो. आजोबांना उद्या रुग्णालयात ठेवावे लागले, तर कुत्रे कोणाकडे जाईल? कुत्रे बारा-पंधरा वर्षे जगते. ते नाव आजच ठरवा, त्या माणसाला विचारून ठरवा. आणि मुदतीअखेर ‘झेपत नाही’ असे वाटले, तर संकोचू नका. तोवर ते पट्ट्याला सरावलेले, लस टोचलेले, माणसाळलेले असते. दुसऱ्या घराला ते घेणे सोपे जाते.