दोन रजिस्ट्र्या, एक मालक

फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उत्तर नागपुरातला जरीपटका वसवला. अशा वस्तीत वाढीची रीत ओळखीची असते: आधी घर, मग पुढच्या खोलीत दुकान, आणि बाजूचा प्लॉट विकायला निघाला की तोही घ्यायचा. पण मधली भिंत पाडल्याने दोन प्लॉट एक होत नाहीत. रजिस्ट्र्या दोन, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) दोन, घरकराचे इंडेक्स क्रमांकही दोनच राहतात.

असे दोन प्लॉट एक करायला दुय्यम निबंधकाकडे एखादा कागद केला की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. तो कागद करणार तरी कोणता? स्वतःचा प्लॉट स्वतःलाच विकता येत नाही. शिवाय 1908 च्या नोंदणी कायद्याखाली नोंद होते ती दस्ताची. मालकीची हमी ते कार्यालय देत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1858 साली रॉबर्ट टॉरेन्स यांनी आणलेल्या पद्धतीत मालकीच सरकारी नोंदवहीत असते, त्यामुळे दोन नोंदी मिटवून एक करण्याचे काम तिथे निबंधकाकडेच जाते. आपल्याकडे त्यासाठी नियोजन प्राधिकरण आणि भूमी अभिलेख अशी दोन दारे आहेत.

पहिल्या दारी एकत्रीकरणाचा नकाशा मंजूर होतो. 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार प्लॉट एकमेकांना लागून असावे लागतात. मधून रस्ता गेला असेल तर विषय संपला. त्यानंतर नगर भूमापनाकडे मोजणी, जुन्या नोंदी बंद आणि एकच आखीव पत्रिका. एवढी खटपट कशासाठी, तर बांधकामासाठी. वेगवेगळ्या प्लॉटांवर प्रत्येकाची सामासिक अंतरे, म्हणजे हद्दीलगतची मोकळी जागा, सोडावी लागतात. अरुंद प्लॉटात मग घराच्या वाट्याला बोळासारखी पट्टी उरते. प्लॉट जोडले की मधल्या हद्दीची अंतरे जातात.

गाडी अडते ती बहुधा दोन्ही प्लॉटांचा ‘मालक एकच’ या अटीवर. एक प्लॉट नवऱ्याच्या नावावर, दुसरा दोघांच्या, ही घरच्या हिशेबाने एक मालकी. कागदाच्या हिशेबाने नव्हे. इथे बक्षीसपत्र कामी येते. राहत्या घराची मिळकत पती-पत्नीने एकमेकांना दिली, तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. एक प्लॉट बँकेकडे गहाण असेल, तर आधी बँकेची संमती.

जरीपटक्यासारख्या वस्त्यांत आणखी एक गाठ असते: जमिनीचा धारणाप्रकार. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी 1954 चा केंद्रीय कायदा होता, तो 2005 साली रद्द झाला; पण जमिनींवरच्या अटी सगळीकडे मिटल्या नाहीत. म्हणून राज्य सरकारने 2025 मध्ये सिंधी विस्थापितांच्या जमिनी नियमित करून मालकी हक्काने देण्यासाठी विशेष अभय योजना आणली. एक प्लॉट पूर्ण मालकीचा आणि दुसरा भाडेपट्ट्याचा किंवा हस्तांतरणावर सरकारी अटी असलेल्या भोगवटादार वर्ग-2 चा असेल, तर आधी तो भेद मिटवणे शहाणपणाचे.

आणि सगळ्यांनी प्लॉट जोडावेतच असेही नाही. दोन मुलांच्या नावे एकेक प्लॉट ठेवायचा असेल, किंवा अडचणीत एक विकून दुसरा राखायचा असेल, तर वेगळे कागदच बरे. जोडलेले पुन्हा तोडायचे म्हणजे नवा नकाशा, नवी मंजुरी, नवी मोजणी. जोडायचेच ठरले, तर नवी आखीव पत्रिका हाती येताच महापालिकेच्या झोन कार्यालयात वेगळा अर्ज द्यावा, नाहीतर घरकराची मागणी जुन्या दोन्ही इंडेक्सवर येत राहते.