‘म्हणजे तुम्ही त्यांच्यातलेच!’

दादरमध्ये ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला आडनाव विचारतात आणि चौथ्या वाक्याला नातं जुळवून टाकतात. जोशी, पाटील, जाधव यातून सुटतात. त्यांची संख्याच एवढी की नातं जोडायला समोरच्याचाही धीर होत नाही. तेंडुलकरांना ‘सचिनचे कोण?’ हे ऐकून घ्यावंच लागतं. पण खरी पंचाईत होते ती विरळा आडनावांची. ‘हे आडनाव फारसं ऐकू येत नाही, म्हणजे तुम्ही सगळे एकाच घराण्यातले असणार.’ हे वाक्य मी लग्नाच्या हॉलमध्ये ऐकलंय, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ऐकलंय, रानडे रोडवर चालता चालताही ऐकलंय. बोलणाऱ्याचा स्वर असा असतो, जणू वंशावळ त्याच्या खिशातच आहे. हल्ली त्यात मोबाइलवरच्या संदेशांची भर पडलीय: अमुक आडनावाची जगात फक्त इतकी माणसं उरली आहेत, सगळे भाऊबंद आहेत, पुढे पाठवा.

पुढे पाठवू नका. आडनाव कमी ऐकू येणं आणि रक्ताचं नातं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत तर फारच वेगळ्या.

दिवेकर हे आडनाव घ्या. श्रीवर्धन तालुक्यात समुद्रकाठी दिवेआगर आहे, हे नाव त्या गावावरून आलेलं. चित्पावनांत दिवेकर आहेत. आणि बेने इस्राएलांतही दिवेकर आहेत. बेने इस्राएल म्हणजे कुलाबा जिल्ह्यातले, आताच्या रायगडातले, मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली मांडवी भागात बांधलं गेलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. बांधणारे होते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी सामाजी हसाजी, म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल, दिवेकर. तिथली सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाची. आता सांगा, हे सामाजी आणि संध्या करणारे एखादे दिवेकरशास्त्री यांचा मूळ पुरुष एकच का? गाव एक होतं, एवढंच.

हाच प्रकार त्या सगळ्या किनाऱ्यावर आहे. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, चौलचे चेऊलकर अशी बेने इस्राएल आडनावं आहेत. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर हे त्यातलेच. १९४८ नंतर यातली बरीच कुटुंबं इस्राएलला गेली. त्यामुळे एखादं आडनाव इथे आज दुर्मीळ दिसत असेल, तर कारण प्राचीन वंश हे नसून बोटीचं तिकीट हेही असू शकतं.

‘कर’ लागतो कधी, हे लक्षात घेतलं की गोंधळ मिटतो. दिवेआगरात राहणाऱ्या माणसाला दिवेआगरात कोणी दिवेकर म्हणून ओळखत नव्हतं. म्हणून उपयोग काय? तिथे सगळेच दिव्याचे. तिथे तो भट, जोशी, तेली, नाहीतर आळीच्या किंवा धंद्याच्या नावाने ओळखला जायचा. तो गाव सोडून चौलला, पुण्याला किंवा मुंबईला आला की तिथले लोक म्हणायचे, ‘हा दिव्याचा.’ आडनाव असं चिकटतं ते दुसऱ्या गावात. शंभर वर्षांनी त्याच गावातून वेगळ्या जातीचं, वेगळ्या धर्माचं कुटुंब निघालं तरी त्यालाही तेच आडनाव चिकटणार. एकाच गाडीतून स्टेशनवर उतरलेले प्रवासी एका घरातले ठरत नाहीत, तसंच हे. काही जहागीरदारही आपल्या ठाण्याच्या नावाने ओळखले गेले, हे खरं. पण चाळीतल्या प्रत्येक ‘कर’ला गाव इनाम मिळालं होतं असं मानायचं, तर कोकणात रयत म्हणून उरली कोण?

ही झाली एका गावाची गोष्ट. त्या नावाची गावंच अनेक असतील तर? शिरगाव पालघरला आहे, रत्नागिरीजवळ आहे, देवगड तालुक्यात आहे, मावळात आहे, गोव्यात डिचोलीत आहे. या प्रत्येक ठिकाणचा बाहेर पडलेला माणूस शिरगावकर. वाडा आणि वाडी तर मोजूच नका. शिवाजी पार्कावर ‘कर’ क्रिकेटपटूंची जी रांग लागली, वाडेकर, वेंगसरकर, तेंडुलकर आणि त्यांना घडवणारे आचरेकर, त्यातलं आचरेकर हे आडनाव आचरा या गावापाशी नेऊन सोडतं. वाडेकर मात्र कुठल्या वाड्याचे, हे आडनावावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

युरोपातल्या स्लाव भाषांतही नेमका हाच घोळ आहे. पोलिश आडनावांतला ‘स्की’ हा बऱ्याचदा आपल्या ‘कर’चंच काम करतो. दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे राहिले. असली ‘स्की’वाली आडनावं कोल्हापूरकरांच्या कानांवरून तेव्हाच गेली. ‘स्की’ म्हणजे उमराव घराणं, असा समज पोलंडमध्ये अजून आहे. सुरुवातीला जमीनदारांनी आपल्या गावावरून अशी आडनावं घेतली हे खरं, पण पुढे ती शेतकऱ्यांत आणि कारागिरांतही पसरली. दोंब्रोव्स्की हे तिथलं बरंच प्रचलित आडनाव दोंब्रोवा या गावावरून आलं, आणि दोंब्रोवा तिथे आपल्या शिरगावासारखी ठिकठिकाणी आहे. सगळे दोंब्रोव्स्की नातेवाईक, असं कोणी म्हणायला लागलं तर वॉर्सात हसतील. दादरमध्ये मान डोलावतात.

इथे एखादा बरंच वाचलेला माणूस मला अडवतो. ‘इंग्लंडमध्ये डीएनए तपासून सिद्ध झालंय की!’ झालंय, आणि ते संशोधन चांगलं आहे. ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावाचे ४८ पुरुष तपासले, तेव्हा निम्म्याहून थोड्या कमी जणांत बापाकडून मुलाला मिळणाऱ्या वाय गुणसूत्राचा नमुना एकच निघाला. २००६ मध्ये टूरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांच्या गटाने समान आडनावाच्या दीडशे जोड्या तपासल्या. आडनाव जितकं विरळ, तितकी समान पूर्वज असण्याची शक्यता जास्त, असं त्यांना दिसलं. पण हा निष्कर्ष ब्रिटिश आडनावांचा आहे. तिथे आडनावं मध्ययुगातच वंशपरंपरेने पक्की झाली आणि सहा-सातशे वर्षं बापाकडून मुलाकडे जात राहिली. शिवाय साइक्स मंडळींतही अर्ध्याहून जास्त त्या नमुन्याबाहेर होते, हे सांगायला लोक सोयीस्कर विसरतात. आपल्याकडे कित्येक कुटुंबांत आजचं आडनाव चार-पाच पिढ्यांपूर्वी शाळेच्या किंवा पलटणीच्या रजिस्टरात पहिल्यांदा पक्कं झालं. तिथला निकाल इथे लावणं म्हणजे लंडनचं वेळापत्रक घेऊन दादरला लोकल पकडायला जाणं.

त्यात आपल्याकडे आडनावं बदलतही आली आहेत, आणि तीही राजरोस. इचलकरंजीचे संस्थानिक घोरपडे हे मूळचे जोशी. नारो महादेव या ब्राह्मण तरुणाला संताजी घोरपड्यांनी हाताशी धरलं, वाढवलं. त्या उपकाराची जाण म्हणून त्याने धन्याचंच आडनाव लावलं. पुढे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी अनुबाई याच घोरपड्यांच्या घरात दिली गेली. म्हणजे एक मराठा घोरपडे, एक ब्राह्मण घोरपडे, आणि दोघांतला दुवा रक्ताचा नसून निष्ठेचा. खुद्द पेशव्यांचं आडनाव भट होतं. कान्होजी आंग्रे मूळचे संकपाळ, आंगरवाडीवरून आंग्रे झाले. दीनानाथांनी मंगेशी गावावरून मंगेशकर हे नाव घेतलं. त्यांचे वडील गणेशभट तिथल्या देवळात अभिषेकी होते. हिंदू कॉलनीतल्या बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘राजगृहा’वरून आपण रोज जातो. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात नाव पडलं ते भिवा रामजी आंबेडकर. ही काही अपवादात्मक घराणी नाहीत. त्यांचे कागद राहिले म्हणून आपल्याला कळलं, इतरांचे राहिले नाहीत, एवढाच फरक.

उलट बाजूही आहे. आडनाव वेगळं पण कूळ एक, असं तर पावलोपावली दिसतं. फलटणचे निंबाळकर स्वतःला मूळचे पवार सांगतात. मराठा कुळींच्या यादीत एकेका कुळाखाली आडनावांची लांबलचक ओळ असते. आणि आडनाव एक पण मूळ वेगळं, हेही आहेच: चित्पावनांत जोशी एका नव्हे, अनेक गोत्रांत सापडतात. तरीही वधूवर सूचक मंडळात अजून फॉर्म बाजूला पडतो: ‘आडनाव एकच आहे, नको बाई.’ अहो, जे बघायचं ते देवक बघा, कूळ बघा, गोत्र बघा. ज्याची त्याची रीत. कायद्याला तर सगोत्र विवाहाचंही वावडं नाही, ती आडकाठी १९४६ च्या कायद्यानेच काढली. जवळच्या रक्ताच्या नात्यातल्या लग्नाला असलेली बंदी वेगळी, आणि ती वंशावळीवरून ठरते. आडनाव यातल्या कशाचीच परीक्षा नाही.

आता ते ‘जगात फक्त इतकी माणसं’ प्रकरण. हा आकडा येतो कुठून? भारताच्या जनगणनेत प्रगणक घरोघरी जाऊन नावं लिहून घेतात, पण आडनावनिहाय मोजणी प्रसिद्ध होत नाही. पोलंडमध्ये सरकारी नोंदवहीवरून ती दरवर्षी प्रसिद्ध होते. तिथे नोवाक पहिल्या क्रमांकावर, दोन लाखांच्या आसपास. अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०१० च्या जनगणनेवरून शंभर किंवा त्याहून जास्त लोकांची अशी १,६२,२५३ आडनावं प्रसिद्ध केली. आपल्याकडे असं काही नाही. त्यामुळे इंटरनेटवरचे भारतीय आकडे म्हणजे मिळतील त्या याद्यांवरून लावलेले अंदाज. त्यात रोमन लिपी सगळा खेळ बिघडवते. एकाच सावंत घरातला एक भाऊ व्ही लिहितो, दुसरा डब्ल्यू. संगणकाच्या दृष्टीने ती दोन घराणी. दिवेकर, वाघ, गावडे, सगळ्यांचं तेच.

आणि दुर्मीळ म्हणजे खानदानी, हे तर साफ चूक. आडनावं का संपतात याचं गणित फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४ साली मांडलं. आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जातं असं धरा. कोणाला चार मुलगे, कोणाला एक, कोणाला मुलगीच. काही पिढ्यांत बरीच आडनावं निव्वळ योगायोगाने बुजतात, थोडी माजतात. गाल्टनना उमराव घराणी का बुडतात याची चिंता होती. उत्तर मात्र राजाला आणि रंकाला सारखंच लागू पडलं. घराण्याचं तेज त्या गणितात कुठेच नाही.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीत उरकतो, कारण त्याहून जास्त जागा मिळवण्याची त्यांची लायकी नाही.

‘आडनावं इंग्रजांनी दिली.’ मग भोसले, मोरे, होळकर हे काय विलायतेहून आले? देहूच्या तुकोबांच्या घराण्याचं आंबिले हे आडनावही कंपनीच्या राज्याआधीचं. इंग्रजी अमदानीत शाळा, कोर्ट आणि पेन्शनच्या कागदांनी ती पक्की केली, इतकंच.

‘कर म्हणजे कोकणी, नाहीतर ब्राह्मण.’ होळकर नीरेकाठच्या होळ गावचे धनगर, निंबाळकर फलटणकडचे मराठा. पुढे बोला.

‘पाटील, कुलकर्णी, देशमुख या जाती आहेत.’ ही वतनी कामांची नावं आहेत. पाटील मराठा आहेत, आगरी आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत, मुसलमानही आहेत. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेलं, आडनाव राहिलं.

‘आमचं आडनाव महाराजांनी पराक्रमासाठी बहाल केलं.’ त्या काळचा कागद दाखवा. घोरपडीला दोर बांधून गड चढल्याची घोरपड्यांची कथा प्रसिद्ध आहे, पण ती ज्या मुधोळच्या फर्मानांवर उभी आहे त्यांच्या खरेपणावरच इतिहासकारांत वाद आहे.

‘लग्नानंतर आडनाव बदलावंच लागतं.’ असा कोणताही कायदा नाही.

ज्यांना खरंच आपलं मूळ शोधायचंय, त्यांनी आडनाव घेऊन सुरुवात करू नये, गाव आणि पणजोबांचं नाव घेऊन करावी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंचं गाव, वडील, आजोबा, भावंडं अशी नोंद असते, आणि पूर्वजांनी तिथे वेगळंच आडनाव सांगितलेलं निघालं तर दचकू नये. घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर तो बघावा, पण पहिली दहा पानं, ती पुराणातून आलेली, सोडून द्यावीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीचे रुमालच्या रुमाल पडलेले आहेत. तिथे जायचं तर मोडी वाचणारा माणूस आधी गाठावा. नाहीतर आपलंच नाव समोर असूनही कळायचं नाही.