‘मेजर’ आणि ‘मायनर’ : पदवीच्या उंबरठ्यावरील निवड

बारावीचा निकाल लागला की नेरळ-कर्जत परिसरातील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. नेरळचे मातोश्री सुमती चिंतामणी टिपणीस महाविद्यालय, कर्जतचे कोकण ज्ञानपीठ, खोपोलीचे के.एम.सी. की लोकलने कल्याणचे बिर्ला महाविद्यालय? महाविद्यालयाच्या नावावर आठवडाभर खल होतो; परंतु अर्जातील ‘मेजर’ आणि ‘मायनर’ या दोन रकाने मात्र खिडकीपाशी उभे राहून, मित्राने काय भरले ते पाहून भरले जातात. वस्तुतः पुढील वाटचाल या दोन रकान्यांवरच अधिक अवलंबून असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 साली जाहीर झाले. महाराष्ट्रात त्यानुसार पदवीची नवी रचना प्रथम स्वायत्त महाविद्यालयांत व 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाली. तीन वर्षांच्या पदवीस 120 ते 132 श्रेयांक, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस 160 ते 176 श्रेयांक लागतात. त्यांत सर्वांत मोठा वाटा मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा. मायनर म्हणजे जोडविषय. त्याचे 18 ते 20 श्रेयांक असतात आणि तो त्याच विद्याशाखेतील अन्य विषय किंवा अगदी वेगळ्या शाखेतीलही असू शकतो. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने मानसशास्त्र वा भाषा घेणे पूर्वी कठीण होते. आता निदान नियमाने तरी दार उघडे आहे.

मुख्य विषय : पुढील पायरीची अट पाहून

मुख्य विषय आवडीचा असावा, हे खरेच. परंतु त्याआधी एक व्यावहारिक प्रश्न विचारावा. पाल्यास ज्या क्षेत्रात जायचे आहे, तेथील प्रवेशाची अट काय आहे?

काही क्षेत्रे कोणतीही पदवी मान्य करतात. लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा, बँकांतील परिविक्षाधीन अधिकाऱ्यांची भरती आणि तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम या गटात येतात. अशा वाटेने जाणाऱ्याने केवळ ‘उपयोगी’ म्हणून नावडता विषय घेण्याचे कारण नाही. गोडीने अभ्यासलेला इतिहास वा भूगोल येथे अधिक साथ देतो.

काही दारे मात्र विशिष्ट किल्लीनेच उघडतात. बँकेतील कृषी क्षेत्र अधिकाऱ्यास कृषी वा तत्सम शाखेची चार वर्षांची पदवी लागते. भारतीय सांख्यिकी सेवेसाठी पदवीला संख्याशास्त्र हा विषय हवा, अथवा त्यातील पदव्युत्तर पदवी हवी. भारतीय आर्थिक सेवेस अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमात पदवीनंतर थेट इंटरमीजिएटला प्रवेश हवा असल्यास वाणिज्य पदवीधरास 55 टक्के, तर इतर पदवीधरांना 60 टक्के गुण आवश्यक आहेत. अशी अट तृतीय वर्षात कळली, तर वर्षे खर्ची पडतात.

जोडविषय : परिसर आणि स्वभाव पाहून

समाजातील बहुसंख्य कुटुंबे व्यापारी. मुलगा वाणिज्य शाखेत जाईल व दुकान सांभाळेल, हे अनेकदा न बोलता ठरलेले असते. मेजर वाणिज्य असण्यात गैर काही नाही. विचार व्हावा तो मायनरचा. हिशेब संगणकावर गेले, ग्राहक भ्रमणध्वनीवरून माल मागवू लागला. अशा वेळी संख्याशास्त्र, संगणक किंवा मानसशास्त्र यांची जोड दुकानालाही नवे बळ देते.

परिसराकडेही डोळसपणे पाहावे. नेरळ-माथेरान गाडी 1907 पासून प्रवासी आणते आहे, आणि माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. येथे पर्यटन व पर्यावरण हे एकत्रच अभ्यासावे लागतात. कर्जतच्या संशोधन केंद्राने भाताचे वाण दिले. नेरळच्याच सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी शेती आणि पर्यटन यांची सांगड घालून दाखवली. दोन विषय एकमेकांस कसे उपकारक ठरतात, याचे उदाहरण शोधण्यास दूर जाण्याची गरज नाही.

आणखी एक विषय समाजाच्या जिव्हाळ्याचा. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठी व पाली यांच्यासह प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. जेथे सोय असेल तेथे इतिहास वा संस्कृतसोबत प्राकृत घेणारा विद्यार्थी हस्तलिखितांच्या अभ्यासाकडे वळू शकतो. आपल्या ग्रंथभांडारांना असे वाचक हवेच आहेत.

अर्ज भरण्यापूर्वी

श्रेयांक ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. खाते उत्तमच, पण जमा रक्कम कोणत्या खिडकीवर वठेल, हे आधी पाहावे. महाविद्यालयात तीन गोष्टी विचाराव्यात : नियमात असलेले मायनर येथे प्रत्यक्ष शिकवले जाते का? त्यास पुरेसे अध्यापक आहेत का? विषय बदलायचा झाल्यास मुदत कोणती? लहान महाविद्यालयात पर्याय मोजके असतात. मग रोजचा प्रवास सोसून कल्याण गाठायचे की उपलब्ध पर्यायांतून निवडायचे, हे घराने मोकळेपणाने ठरवावे. मुलीच्या बाबतीत ‘जवळचे तेच बरे’ आणि मुलाच्या बाबतीत ‘चांगले तेथे जाऊ दे’, असे दोन न्याय मात्र नसावेत.

पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. आजारपण वा आर्थिक अडचण आल्यास ही सोय मोलाची; मात्र दुकानात माणूस कमी पडला म्हणून तिचा आधार घेऊ नये.

नव्या रचनेत प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणालाही श्रेयांक आहेत. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’चा मार्ग रुळवला. श्रम आणि विद्या यांची फारकत करू नये, ही शिकवण आपल्याच घरची आहे. म्हणून घरच्या पेढीवरील अनुभव पाल्याने अवश्य घ्यावा. विषय कोणता, याचा अंतिम कौल मात्र ज्याला तीन-चार वर्षे अभ्यास करायचा आहे, त्याचाच असू द्यावा. वडीलधाऱ्यांनी अटी व खर्च यांची माहिती समोर ठेवावी, शांतपणे ऐकावे आणि मग सही करावी.