थप्पी लाकडाची, हात बाईचा

शाळेच्या युनिफॉर्मचं काम घेणाऱ्या बायका एकेक कापड वेगळं कापत बसत नाहीत. चार-सहा थर एकावर एक पसरायचे, वरच्यावर खडूनं आखायचं, टाचण्या लावायच्या आणि कात्री एकदाच चालवायची. मेहनत एका कापडाची, माल सहा जणींचा! लाकडातही अगदी असंच काम होतं, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असतं.

त्यासाठी स्क्रोल सॉ नावाचं छोटं यंत्र मिळतं. दिसायला थोडंफार शिलाई मशीनसारखंच. सुईच्या जागी वीतभरापेक्षाही लहान, बारीक दातांचं पातं असतं आणि ते जागच्या जागी खालीवर होतं. आपण फक्त लाकूड फिरवत न्यायचं. मोटर साधारण ९० ते १२५ वॅटची, म्हणजे आपल्या मिक्सरपेक्षाही कमी विजेची. घरच्या मीटरवर चालते. शिलाई मशीनवर गोल गळा फिरवता येणाऱ्या बाईला हे यंत्र अवघड जाण्याचं काहीच कारण नाही.

मग थप्पी कशी लावायची? ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायचे आठ तुकडे घेतले तर थप्पी होते २४ मिलिमीटरची, म्हणजे साधारण एक इंच. ६ मिलिमीटरचे असतील तर चारच घ्यायचे. तुकड्यांच्या मध्ये दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची, किंवा जो भाग शेवटी फेकून द्यायचा आहे तिथे बारीक चुका ठोकायच्या. चित्राचा कागद वर चिकटवायचा. आतली नक्षी आधी कापायची, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. कड आधी कापली की धरायला जागाच उरत नाही आणि नक्षी हलते.

जाड लाकडाची गंमत

खरी परीक्षा जाड लाकडाला. यंत्रावर ५० मिलिमीटरपर्यंत कापतं असं लिहिलेलं असतं. कापतं, नाही असं नाही. पण पाऊण ते एक इंचाच्या पुढे गेलं की वेग मंदावतो आणि पातं तापतं. घाई करून लाकूड पुढे रेटलं तर पातं पोटात वाकतं. मग वरचा हत्ती सुबक आणि खालचा सोंड वाकडा! युनिफॉर्मच्या जाड कापडात खालचा थर सरकतो ना, तसंच हे.

यावर उपाय साधे आहेत. जाड थप्पीला मोठ्या आणि विरळ दातांचं पातं लावायचं, म्हणजे भुसा बाहेर पडायला वाट मिळते. पातं ताणून बसवायचं. कागदावर पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी लावली की लाकूड जळून काळं पडणं कमी होतं. आणि काम सुरू करण्याआधी पातं टेबलाला काटकोनात आहे का, ते बघायचं. एका जाड टाकाऊ तुकड्यात थोडी खाच पाडायची, तो तुकडा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूनं लावायचा. पातं त्या खाचेत अलगद बसलं तर सरळ, अडलं तर तिरकं.

लाकूडही बघून घ्यावं. शिवण, आंबा ही त्या मानानं मऊ लाकडं. आपल्याकडची बाभूळ गाडीला, औताला उत्तम, पण या बारीक पात्याचा जीव तिच्यापुढे टिकत नाही. काम करताना पदर खोचलेला, बांगड्या काढलेल्या, केस बांधलेले आणि नाकाला मास्क हवाच. प्लायचा, एमडीएफचा भुसा छातीला वाईट.

विकायचं काय?

२०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. तेव्हापासून गणपतीच्या मखराला आणि महालक्ष्म्यांच्या आराशीला दुसरं काहीतरी हवंच आहे. कमानी, झालरी, मोर, वेलबुट्टी हे सगळं थप्पीत कापता येतं. गंगाखेड तर संत जनाबाईंचं जन्मगाव. जनाईचं जातं, विठ्ठलाची मूर्ती, तुळशीवृंदावन अशा छोट्या लाकडी वस्तू दर्शनाला आलेल्या माणसाला घरी न्यायला आवडतील. नावाच्या पाट्या, किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या तर बारा महिने लागतात.

मुलांची खेळणी करायची असतील तर एक नियम लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना स्वतः बनवून विकलेल्या मालापुरती यातून सूट आहे. म्हणून आधी कारागीर म्हणून नोंद, मग खेळणी.

नाव कुणाचं?

आता मुद्द्याचं बोलते. लाकडाच्या कामात आपल्या बायका आजही आहेत. पॉलिश पेपरनं घासतात, रंग देतात, पुसून पिशवीत भरतात. पण ते नगावर मिळणारं काम. यंत्रावर बसतो तो पुरुष, गिऱ्हाइकाशी भाव ठरवतो तोही पुरुष. आठ तुकडे एका वेळी निघाल्याचा फायदा कापणाऱ्याच्या पदरात पडतो. घासणारीला आठही तुकडे एकेक करूनच घासावे लागतात. यंत्राचा वेग तिच्या मजुरीत उतरतच नाही.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यात सुतारकाम आहे आणि पारंपरिक बाहुल्या व खेळणी बनवणंही आहे. निवड झाली की पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि पुढे पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. मात्र अर्जदार त्या व्यवसायात स्वतःच्या हातानं काम करणारा हवा, आणि एका कुटुंबातून लाभ एकालाच. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब.

म्हणजे घरातून एकच नाव जाणार. ते कुणाचं जातं? बहुतेक घरांत हा प्रश्न विचारलाही जात नाही. नवऱ्याचं दुसरं काम असेल, दुकान असेल, नोकरी असेल, आणि लाकडाला हात तुम्हीच लावत असाल, तर नाव तुमचंच जायला हवं. भांडून नव्हे, बसून बोलून ठरवा. बचत गटातून यंत्र घेणार असाल तर पावती गटाच्या नावावर करा आणि कापायला गटातल्या निदान दोघी-तिघींनी शिका. एकीलाच येत असलं की ती माहेरी गेली, आजारी पडली, की काम बंद.

सुरुवात दोन तुकड्यांच्या थप्पीनं करा. हात बसला की चार, मग सहा. पहिली काही पाती मोडतीलच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या ब्लाउजची बाही तरी कुणाची नीट बसली होती?