काडतुसाने घडवलेली बंदूक

ठासणीच्या बंदुकीत सगळा खटाटोप नळीच्या तोंडाशी. आधी दारू, मग डाट, छर्रे, पुन्हा डाट. गजाने ठासायचे आणि मागे टोपी बसवायची. बार फुकट गेला की हे सारे पहिल्यापासून. सावज तोवर थांबत नसे.

नळी मागून उघडण्याची युक्ती जुनीच. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीकडेही तशा बंदुका होत्या. अडचण उघडण्याची नव्हती, बंद करण्याची होती. सांध्यातून तापलेला वायू निसटे. बाराचा जोर घटे आणि तोंड भाजण्याची धास्ती राही.

तोड निघाली ती काडतुसात. पॅरिसमध्ये राहणाऱ्या पावली या स्विस कारागिराने १८१२ मध्ये पितळी बुडाच्या, पेटवण्याचा मसाला पोटातच असलेल्या काडतुसाचे पेटंट घेतले. पुढे कासिमीर लफोशे याने नळी बिजागरीवर खाली झुकवली. त्याच्या काडतुसाच्या बाजूला एक पिन बाहेर आलेली असे. घोडा तिच्यावर पडे. १८४६ मध्ये ऊलिए या फ्रेंच कारागिराने वायू अडवणारी पुंगळी आणली. बार उडताच ती फुगून नळीला घट्ट बसते, म्हणजे सांधा बुजवण्याचे काम काडतूसच करते.

१८५१ च्या लंडन प्रदर्शनात लफोशेची बंदूक इंग्रजांनी पाहिली. तिथले बंदूकवाले नाके मुरडत होते, आणि १८५८ मध्ये ‘द फील्ड’ साप्ताहिकाने घेतलेल्या चाचणीत ठासणीच्याच बंदुका सरस ठरल्या. तरीही शिकाऱ्यांनी पटकन भरता येणारी बंदूक उचलली. १८६१ मध्ये लंडनच्या डॉ या बंदूकवाल्याने बुडाच्या मधोमध पेटणारे काडतूस बाजारात आणले, १८६३ मध्ये पर्डीने नळी पक्की धरणारा खटका बसवला. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या अँसन आणि डीली यांनी घोडे आत दडवले.

आपल्याकडे काडतूस म्हटले की १८५७ आठवते. ते मात्र दाताने फाडून नळीच्या तोंडातून भरायचे, ठासणीच्याच रायफलीचे.   इकडच्या शिकारीचे म्हणाल तर, सिवनीच्या रानातल्या शिकारीवरचे स्टर्नडेल या ब्रिटिश लेखकाचे पुस्तक १८७७ चे, हत्यारांचा कायदा लगेच पुढच्या वर्षीचा. त्यानंतर परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरला.

नव्या बंदुकीला तयार काडतूस लागते. ते नसेल तर ती नुसती नळी. ठासणीच्या बंदुकीला सुटी दारू आणि शिशाचे तुकडे पुरतात. गडचिरोलीच्या जंगलात पोलिसांच्या हाती लागणाऱ्या भरमार बंदुका आजही तोंडातूनच भरल्या जातात.