देवमाशाच्या तोंडून

देवमाशाने पाय तोडला म्हणून त्याचा सूड घ्यायला निघालेला, त्यापायी जहाज आणि माणसं पणाला लावणारा कप्तान अहाब आपल्यापैकी पुष्कळांना ऐकून तरी ठाऊक असतो. हर्मन मेलव्हिल यांची ‘मोबी डिक’ ही कादंबरी १८५१ सालची. तिच्यामागे एक खरी घटना होती. १८२० साली प्रशांत महासागरात ‘एसेक्स’ या शिकारी जहाजाला एका देवमाशाने धडका देऊन बुडवलं. २० जणांपैकी ८ जणच वाचले.

आता हीच गोष्ट देवमाशाने सांगितली तर? पॅट्रिक नेस यांच्या २०१८ सालच्या ‘अँड द ओशन वॉज अवर स्काय’ या सचित्र कादंबरीत तसंच घडतं. इथे देवमासेच जहाजं घेऊन माणसांची शिकार करतात. परातही भाला कसा धरत असतील, असं विचारू नये. लेखकानेही त्याची फार पंचाईत केलेली नाही. त्यांच्या जगात खोल पाणी हे आकाश आणि आपला समुद्राचा पृष्ठभाग म्हणजे पाताळ. रोव्हिना काई यांच्या काळ्या-करड्या चित्रांमुळे ही उलटी दिशा वाचकाच्या अंगवळणी पडते. मजकुराइतकाच त्या चित्रांचा वाटा आहे, असं मला वाटतं.

कप्तान अलेक्झांड्राच्या डोक्यात माणसाचा भाला कायमचा रुतलेला आहे. देवमासे आवाज सोडतात आणि प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखतात. खोल अंधारात तेच त्यांचे डोळे. भाल्याने तिची ती शक्तीच गेली. अहाबच्या पायापेक्षा ही जखम मोठी. भाला मारणारा टोबी विक तिला हवा आहे.

कथा सांगते ती तिच्या हाताखालची उमेदवार बाथशिबा. तिच्या आईला माणसांनी मारलं, त्यामुळे तिच्या द्वेषाला कारण आहे. पण डिमिट्रियस नावाचा एक माणूस कैदी म्हणून हाती लागतो आणि त्याच्याकडून माहिती काढण्याचं काम तिच्यावर येतं. पंचाईत होते ती इथे. शत्रूला बोलतं करायचं म्हणजे त्याचं ऐकावं लागतं. टोबी विकची दहशत माणसांमध्येही आहे, हे तिला कळतं. दोन्हीकडच्या गोष्टींनी तो वाढतच गेलेला असतो.

टोबी विक खरा कोण, ते इथे सांगत नाही. पुस्तक जेमतेम दीडशे पानांचं आहे आणि ‘मोबी डिक’ वाचलेलं नसलं तरी अडत नाही.