नवकम्मिकाची जबाबदारी

आजच्या प्रकल्प व्यवस्थापकाशी जुळणारे पद विनयपिटकात आढळते. विहाराच्या बांधकामावर देखरेख ठेवणारा भिक्खू म्हणजे नवकम्मिक. चुल्लवग्गातील कथेनुसार, वेसालीतील एका दरिद्री शिंप्याने स्वतः विहार बांधावयास घेतला; कसब नसल्याने भिंत तीनदा कोसळली. दान देणाऱ्यांनाच भिक्खू मार्गदर्शन करतात, गरिबाला कोणी विचारीत नाही, अशी खंत त्याने व्यक्त केली. तेव्हा भगवंतांनी नवकम्मिक नेमण्याची अनुज्ञा दिली. पुढे क्षुल्लक कामांसाठीही २०-३० वर्षे हे पद दिले जाऊ लागताच मुदत ठरली: लहान विहारास ५-६ वर्षे, मोठ्यास १०-१२. व्यावसायिक नीतीचे मर्म आम्हांस येथेच दिसते. अधिकार कामापुरताच असावा. आणि ज्याच्यापाशी देण्यास काही नाही, त्याचीही भिंत सरळ उभी राहावी.